आग आटोक्यात आली म्हणजे विझली का?

'विझवणे' या एका क्रियापदाभोवती साठलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. भाषेचे प्रश्न एका बाजूला आणि प्रत्यक्ष आगीचे दुसऱ्या बाजूला काढायला बसलो, पण ते वेगळे होईनात. पाटीवरचा शब्द चुकला की माणूस नको ते सिलिंडर उचलतो. तेव्हा दोन्ही एकाच पानावर.

पाचवीच्या मुलांच्या वहीत 'वाऱ्याने दिवा विझवला', 'आईने दिवा विझला' आणि 'जवानांनी आगीला विझवले' अशी तीन वाक्ये सापडली. चूक कोणती आणि ती समजावायची कशी?
– एक शिक्षिका, बार्शी

दुसरे वाक्य चूक, तिसरे बेंगरूळ आणि पहिले बरोबर.

'विझणे' हे दिव्याचे किंवा आगीचे स्वतःचे काम. ते अकर्मक आहे, त्याला करणारा लागत नाही. तेल संपले, दिवा विझला. 'विझवणे' हे दुसऱ्या कुणाचे तरी काम. ते सकर्मक, म्हणून कोणी विझवले आणि काय विझवले, दोन्ही सांगावे लागते. 'आईने' म्हटले की करणारी आली, मग 'विझवला'च हवे.

मुले इथे एक खोडसाळ प्रश्न विचारतील: मग 'वाऱ्याने दिवा विझला' कसे चालते? चालते, कारण तिथे 'वाऱ्याने' म्हणजे 'वाऱ्यामुळे'. त्या 'ने'मध्ये कर्ता नाही, कारण आहे. 'वाऱ्याने दिवा विझवला' म्हटले की वाऱ्याला आपण माणसासारखे वागवतो. गोष्टीत ते छान दिसते. आईच्या बाबतीत ही सवलत नाही. 'आईमुळे दिवा विझला' (पदर लागला असेल) हे वेगळे आणि 'आईने दिवा विझवला' हे वेगळे.

तिसऱ्या वाक्यात व्याकरण मोडलेले नाही, कान मोडला आहे. निर्जीव कर्माला मराठी सहसा 'ला' लावत नाही. आपण भांडी घासतो, भांड्यांना घासत नाही. 'जवानांनी आग विझवली' म्हटले की क्रियापद आगीप्रमाणे स्त्रीलिंगी होते आणि वाक्य सरळ बसते. 'आगीला विझवले' ही हिंदीची सावली.

हिंदीत या धातूच्या तीन पायऱ्या आहेत: बुझना, बुझाना, बुझवाना. मराठीत दोनच. तिसऱ्या पायरीला आपण 'विझवून घेणे' किंवा 'विझवायला लावणे' म्हणतो. 'विझववणे' असे रूप मुलांनी नियमाने बनवले तर शाबासकी द्या, पण वहीत ठेवू नका.

आणि दोन्ही क्रियापदांतला फरक एका दमात शिकवायचा असेल तर फळ्यावर तीन शब्द लिहा: 'आग विझवता विझेना'. विझवणे माणसांचे, विझणे आगीचे. पहिले चालू आहे आणि दुसरे होत नाही.

'विझवणे' की 'विझविणे'?
– सांगली

दोन्ही. 'विझविणे' छापील वळणाचे, 'विझवणे' बोलण्याच्या जवळचे. एका लेखात एकच रूप ठेवा, म्हणजे झाले. गावाकडचा 'दिवा इझला' हाही त्याच शब्दाचा. विस्तवाचा इस्तू, विचाराचा इचार, तसा विझण्याचा इझणे. बोलीतला नियमच तो. त्याला अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही.

मी एका दैनिकात नव्याने लागलो आहे. 'आग आटोक्यात', 'आगीवर नियंत्रण', 'आगीवर काबू' आणि 'आग विझली' हे सगळे आम्ही आलटून पालटून वापरतो. फरक असतो का?
– नाशिक

असतो, आणि तो घटनास्थळी उभ्या असलेल्या माणसाला नेमका कळतो. तुमच्या चारपैकी पहिले तीन एका अवस्थेचे आहेत, चौथे दुसऱ्या.

'आटोक्यात आली' म्हणजे पसरायची थांबली. शेजारच्या गाळ्याला, वरच्या मजल्याला धोका उरला नाही. आतमध्ये अजून ज्वाळा असू शकतात. 'विझली' म्हणजे ज्वाळा गेल्या. त्यानंतरही काम संपत नाही. भिंती, लोखंडी तुळया, ढिगाऱ्याचे पोट तापलेले असते, त्यावर पाणी मारत राहावे लागते. अधिकारी त्याला 'कूलिंग चालू आहे' म्हणतात, तुम्ही 'थंड करण्याचे काम चालू आहे' लिहा. 'शीतकरण' लिहिलेत तर वाचकाला बर्फाचा कारखाना आठवेल. आटोक्यात आल्याची वेळ आणि विझल्याची वेळ यांत कित्येक तासांचे अंतर पडू शकते, म्हणून बातमीत दोन्ही वेळा वेगळ्या द्या. 'दोन तासांत आग विझवली' असे लिहून खाली 'रात्री उशिरापर्यंत धूर येत होता' असे लिहिले की बातमी स्वतःलाच खोटे पाडते.

या दोन अवस्थांच्या मध्ये एक क्रियापद आहे, ते बातम्यांत फार कमी दिसते: धुमसणे. ज्वाळा नाही, धूर आहे, आत विस्तव आहे. कापसाच्या गाठी, कडब्याची गंजी, कचऱ्याचा डोंगर, कागदाचे गठ्ठे ही धुमसणारी मंडळी. दाबून बांधलेल्या गाठीत तंतूंच्या मधे थोडी हवा अडकलेली असते, तेवढ्यावर आतला विस्तव तग धरतो. वरून कितीही पाणी मारा, बाहेरचा थर भिजतो आणि पाणी ओघळून जाते. गाठ फोडावी लागते, गंजी उसकटावी लागते, तेव्हा पाणी आत पोचते. हे न करता 'विझली' म्हणून गाडी परत गेली की पहाटे पुन्हा फोन येतो. अशा वेळी 'आग पुन्हा लागली' असे लिहू नये. ती पुन्हा लागली नाही, मुळात विझलीच नव्हती. 'पुन्हा भडकली' लिहावे.

मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट याचेच भयंकर उदाहरण. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि शेकडो टन स्फोटकेही. दुपारी आग लक्षात आली. धुराच्या लोटांत तिचे मूळ सापडेना. जहाजात नऊशे टनांहून जास्त पाणी ओतले गेले, ते पाणीच उकळू लागले, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या दुपारचे वर्णन करायला मराठीची दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात लागतात: जवान आग विझवत होते, आग विझत नव्हती. 'विझवत आहेत' यात फळाचे आश्वासन नसते. 'विझवली' यात असते. म्हणूनच हे रूप हातचे राखून वापरा.

'आग विझवली गेली' मात्र लिहू नका. 'विझवण्यात आली' हे सरकारी आहे, पण रुळलेले आहे. सगळ्यांत बरे 'जवानांनी विझवली'. ज्यांनी धूर खाल्ला त्यांना वाक्यातून वगळायचे कशाला?

आमच्या घरी सुनेने 'समई विझवते' म्हटले की सासूबाई टोकतात. 'शांत करते' म्हणावे असा आग्रह. हे शास्त्र आहे की नुसता शिष्टाचार?
– ठाणे

शिष्टाचार आहे, पण जुना आणि मराठी भाषेच्या स्वभावातला. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली असे न म्हणता 'वाढवली' म्हणतो. त्याच घराण्यातले हे 'दिवा शांत करणे'. देवापुढचा दिवा विझणे हे मरणाची आठवण करून देणारे, म्हणून तो शब्द तोंडात येऊ द्यायचा नाही.

आणि मरणाशी हा संबंध खरोखरच शब्दांत मुरलेला आहे. 'निर्वाण' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच फुंकर बसून दिवा जाणे. जुन्या मराठीतले 'निमणे' दिव्यालाही लागे आणि माणसालाही. आजही वृत्तपत्रात मृत्यूची बातमी येते तेव्हा 'प्राणज्योत मालवली' असेच येते. 'प्राणज्योत विझली' म्हटले तर चूक नाही, पण कोरडे वाटते.

'मालवणे' हा तिसरा शब्द. तो ज्योतीपुरता आहे: दिवा, पणती, मेणबत्ती, समई. गोदामाला लागलेली आग कोणी मालवत नाही. शिवाय तो दोन्हीकडून चालतो, 'दिवा मालवला' म्हणजे आपोआप गेला की कोणी घालवला हे वाक्यातूनच ठरते. 'विझणे–विझवणे' अशी जोडी त्याला नाही.

आता समई शांत कशी करायची हेही विचारण्याजोगे आहे, कारण बहुतेक घरांत नंतर जो करपट वास पसरतो तो टाळता येतो. फुंकर मारली की ज्योत जाते, पण वातीचे टोक लाल राहते. तिथे तेल तापून त्याची वाफ होत राहते आणि ती जळत नसल्याने पांढरा धूर निघतो. त्याऐवजी काडीने वातीचे टोक मागे तेलात ओढावे. ज्योत बुडते, टोक लगेच थंड होते आणि धूर नाही. दुसऱ्या दिवशी वात सरसावून घेतली, काजळी झाडली की तीच वात पुन्हा चालते. फुलाने ज्योत दाबण्याची पद्धत आहे, तीही याच कामाची. ओलसर पाकळी टोक थंड करते. सुनेने वात मागे ओढली आणि 'विझवते' म्हणाली तरी दिव्याच्या दृष्टीने ते फुंकर मारून 'शांत करते' म्हणण्यापेक्षा बरेच शांत आहे.

एका शीतपेयाच्या जाहिरातीचे भाषांतर माझ्याकडे आले. मी 'तहान विझवा' लिहिले, ग्राहकाने ते पसंत केले, पण मलाच खटकते आहे.
– पुणे

खटकू द्या. मराठीत तहान भागते, भागवतात. ग्रांथिक हवे असेल तर शमते. विझत नाही. हिंदीत 'बुझाना' आगीला, तहानेला आणि चुन्यालाही चालतो. मराठीने तिन्ही कामे वाटून दिली आहेत: आग विझवायची, तहान भागवायची आणि कळीचा चुना विरवायचा. 'विझवलेला चुना' असा शब्दप्रयोग तुम्हाला बांधकामाच्या भाषांतरांत भेटेल, तिथेही 'विरवलेला' करून द्या. भूकही भागते. राग शांत होतो, निवळतो किंवा जिरतो. आशा मावळते. उत्साह मात्र विझू शकतो आणि डोळ्यांतले तेजही. म्हणजे लाक्षणिक अर्थाने मराठी 'विझणे' तिथेच वापरते जिथे आधी काहीतरी पेटलेले दिसत होते. तहान पेटत नाही.

आमच्या सोसायटीत जिन्याजवळ लाल सिलिंडर बसवले आहेत. त्यांच्यावर मराठी पाटी लावायची आहे. 'अग्निरोधक यंत्र – आपत्कालीन परिस्थितीत वापर करण्यात यावा' असा मजकूर ठरला आहे. तपासून द्याल का?
– सोसायटीचे सचिव, डोंबिवली

तपासला, आणि तो लावू नका.

'अग्निरोधक' म्हणजे आगीला अडवणारे, आगीत लवकर न जळणारे. जिन्याचा जाड दरवाजा अग्निरोधक असतो, भिंतीवरचा लेप अग्निरोधक असतो. सिलिंडर आग अडवत नाही, विझवतो, तो 'अग्निशामक'. 'अग्निशमन' म्हणजे आग विझवण्याची क्रिया, म्हणून सेवा, दल, केंद्र यांच्या मागे ते लागते: अग्निशमन दल, अग्निशमन केंद्र. 'आग प्रतिबंधक' म्हणजे आग लागूच नये म्हणून केलेले. राज्याच्या २००६ च्या कायद्याच्या नावात 'आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना' असे शब्द आहेत, ते याच अर्थाने. या चार शब्दांची सरमिसळ सोसायटीच्या इतिवृत्तात झाली तर फक्त हसे होते. खरेदीच्या कागदावर झाली तर दरवाज्याच्या जागी सिलिंडर येतो.

'वापर करण्यात यावा' हे वाक्य धुरात वाचायला फार लांब आहे. पाटी अशी करा:

आग विझवण्याचा सिलिंडर
१. पिन ओढा.
२. नळी आगीच्या बुडाशी धरा.
३. मूठ दाबा.
४. नळी डावीकडून उजवीकडे फिरवत राहा.
फोन १०१ किंवा ११२

यातला 'बुडाशी' हा शब्द काढू नका. लोक हमखास ज्वाळेच्या शेंड्यावर पावडर मारतात, कारण दिसते ती ज्वाळा. जळतो तो खालचा माल. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. पहिली दहा सेकंदे वर गेली की संपलेच. दोन-तीन मीटरवरून सुरुवात करा, ज्वाळा मागे हटेल तसे पुढे सरका. पाठीशी बाहेर पडायची वाट ठेवा. विझल्यासारखी वाटली तरी तिच्याकडे पाठ करू नका, मागे मागे सरकत या. एक सिलिंडर संपूनही आग उरली तर दुसरा शोधत बसू नका, बाहेर पडा आणि दार ओढून घ्या.

तुमच्या सिलिंडरवर 'एबीसी' लिहिलेले असेल. हा दर्जा नव्हे. आपल्याकडच्या पद्धतीत ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी म्हणजे पेट्रोल-रंगासारखे द्रव, सी म्हणजे गॅस. अमेरिकन पद्धतीत सी म्हणजे विजेची आग, तेव्हा इंटरनेटवरून तक्ता उतरवताना तो कुठला आहे ते बघा. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा आणि सिलिंडर काढून एकदोनदा उलटासुलटा करा; पावडर तळाशी बसून घट्ट झाली की दाब असूनही ती बाहेर येत नाही. मीटरच्या खोलीजवळ कार्बन डायऑक्साइडचा असेल तर त्याला काटाच नसतो, तो वजन करून तपासतात. आणि त्याचा काळा कर्णा हाताने धरू नये. वायू बाहेर पडताना इतका गार होतो की कातडी पोळल्यासारखी होते. त्यासाठी पाटीत आणखी एक ओळ घाला: 'कर्णा धरू नका, मूठ धरा.'

एक गोष्ट पाटीवर मावणार नाही, सभेत सांगा. स्वयंपाकघरात कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी विझवत नाही, भडकवते. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते, तिथे क्षणात वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा घेते. पेटते तेल छतापर्यंत उडते. गॅस बंद करायचा, कढईवर ताट किंवा परात सरकवायची (वरून आपटायची नाही, आपल्या बाजूने पुढे सरकवायची) आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत ती उचलायची नाही. लोक पाचव्या मिनिटाला डोकावतात. तेल अजून तितकेच तापलेले असते, हवा मिळाली की पुन्हा पेटते.

आणि स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या नळीतून गळणाऱ्या गॅसने पेट घेतला असेल तर ती आग विझवायची नसते, गॅस बंद करायचा असतो. रेग्युलेटर फिरवला की ज्वाळा आपोआप जाते. गॅस तसाच गळता ठेवून नुसती ज्वाळा मारली तर गॅस खोलीत साठतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. रेग्युलेटरपर्यंत हात पोचत नसेल तर बाहेर पडून १०१. 'विझणे' आणि 'विझवणे' यांतला फरक कोणाला व्याकरणात कळला नसेल, तर इथे कळावा.

'अग्नीशमन' असे आमच्या नगरपालिकेच्या गाडीवर आहे. ऱ्हस्व की दीर्घ?
– कराड

ऱ्हस्व. 'अग्नी' हा तत्सम शब्द सुटा लिहिताना मराठीत शेवटचा इकार दीर्घ, पण समासात पहिल्या जागी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: कवी पण कविमन, अग्नी पण अग्निशमन, अग्निकुंड, अग्निदिव्य. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ पासूनच्या लेखननियमांत हे आहे. गाडी पुन्हा रंगवतील तेव्हा सांगा. त्याआधी पाण्याची टाकी गळते का तेही विचारा, ते जास्त महत्त्वाचे.

सातव्या इयत्तेच्या मुलांकडून वणव्याविरुद्ध फलक करून घेत आहोत. 'वणवा विझवा' ही घोषणा योग्य आहे का?
– पाटण तालुका

मुलांच्या हाती ती देऊ नका. वणवा विझवणे हे मुलांचे काम नाही. डोंगरउतारावर आग खालून वर फार वेगाने चढते. वरच्या अंगाला उभा राहिलेला माणूस सापडतो. गवताची ठेंगणी आग अनुभवी माणसे ओल्या डहाळ्यांनी विझवतात, पण तेही झोडपून नव्हे. डहाळी उंच उचलून आपटली की ठिणग्या मागच्या गवतात उडतात. डहाळी आगीवर दाबायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची.

वणव्याचे खरे क्रियापद 'अडवणे'. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे ठराविक पट्ट्यातले गवत आणि पालापाचोळा आधीच काढून किंवा जाळून टाकते; वणवा तिथवर येतो आणि खायला काही नसल्याने विझतो. बघा, तिथेही 'विझतो'. फलकावर 'वणवा लावू नका, दिसला तर कळवा' असे लिहा. गवत चांगले येते म्हणून डोंगर पेटवणाऱ्या काकांपर्यंत ते घरातूनच पोचेल.

गडावर मुक्कामाला गेलो की सकाळी शेकोटी 'विझवून' निघतो. तरी मागाहून गेलेल्या लोकांना ती धगधगताना सापडली. काय चुकते?
– ट्रेकर, कल्याण

तुम्ही ती विझवत नाही, झाकता. माती लोटून, पाय मारून निघणे म्हणजे आपल्या आज्यांनी रोज रात्री केलेले काम. काडेपेटी जपून वापरायच्या काळात चुलीतले निखारे राखेखाली पुरत, सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुलवत. त्याला 'विस्तव राखणे' म्हणत, विझवणे नव्हे. राख हवा अगदी थोडी जाऊ देते, निखारा सावकाश जळत राहतो. तुमची माती तेच करते. त्यात वारा आला की वरची माती उडते.

निघायच्या अर्धा तास आधी लाकूड घालणे थांबवा. अर्धवट जळालेली ओंडकी वेगळी करा. एकमेकांना टेकलेली लाकडे एकमेकांना तापवत ठेवतात. मग पाणी, एकदम बादलीभर नव्हे, थोडे थोडे शिंपडत. बाजूला उभे राहा, गरम वाफ आणि राख तोंडावर येते. काठीने सगळे ढवळा, तळातली राख वर आणा, पुन्हा पाणी. चर्र असा आवाज येतो आहे तोवर आत विस्तव आहे. आवाज थांबला की हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या; ऊब लागली तर पुन्हा पाणी. शेवटी चिखल व्हायला हवा. गडावर पाणी कमी असते हे खरे, पण मग शेकोटीही तेवढीच लहान करावी. चार लिटर पाण्यात जी विझणार नाही ती पेटवू नये.

गोव्यात मावशीकडे गेल्यावर 'दिवो पालय' ऐकले. आम्हाला वाटले झाडाला पालवी फुटल्याचे काही आहे.
– कोल्हापूर

कोकणीत 'पालोवप' म्हणजे विझवणे: दिवो पालोवप, उजो (आग) पालोवप. मराठीत 'पालवणे' म्हणजे पालवी फुटणे. दोन शेजारणींनी एकच नाव दोन मुलींना ठेवावे, तसे. मावशीला उत्तर म्हणून झाडाला पाणी घालू नका.

आगीच्या गाडीला आजोबा 'बंब' म्हणायचे आणि आंघोळीचे पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही 'बंब'च. एक विझवणारा, एक पेटवणारा. नाव एकच कसे?
– मिरज

मूळ शब्द पोर्तुगीज 'बोंबा', अर्थ पंप. पाणी जोराने फेकणारे यंत्र म्हणून आगीचा बंब आला, आणि मोठे गोल, पोटात पाणी मावणारे, नळ बसवलेले भांडे म्हणून न्हाणीघरातल्यालाही तेच नाव मिळाले. 'बंब आला' हे वाक्य आता जुन्या वाड्यांतच ऐकू येते, पण दोन अक्षरांत मावणारा शब्द आहे. बातमीच्या मथळ्यांत 'अग्निशमन दलाची वाहने' कोंबणाऱ्यांनी तो परत घ्यायला हरकत नाही.

'विझणे' मूळ कुठून आले?
– अमरावती

पालीत 'विज्झायति', प्राकृतात 'विज्झाइ', दोन्हींचा अर्थ विझणे हाच. म्हणजे अर्थ न बदलता शब्द इथवर आला आहे. 'शमन' हा मात्र थेट संस्कृतातून उचललेला. घरात आपण विझवतो आणि पाटीवर शमन करतो, ते यामुळे.

मुंबईत लोक 'लाइट घालव' म्हणतात, आमच्याकडे 'बंद कर'. 'विझव' म्हटले तर?
– नांदेड

तर समजेल, पण जुने वाटेल. विजेच्या दिव्यात विझण्यासारखे काही जळत नाही, म्हणून 'बंद कर'. मुंबई-कोकणातले 'घालव' तितकेच मराठी आहे. फक्त लक्षात ठेवा, लाइट 'घालवली' ती तुम्ही. लाइट 'गेली' ती वीज कंपनीची.